नऊ ओळींचं अंतर

१

सोमवारी सकाळी टपालात आमचंच एक पाकीट आम्हाला परत आलं. वर पोस्टमनने निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'घेणारे हयात नाहीत. दीड वर्षापूर्वी वारले असे घरातून कळले.'

पाकिटात एक आभारपत्र होतं. आमचं त्रैमासिक पाण्याच्या अभ्यासाचं. आलेला प्रत्येक लेख छापण्याआधी दोन जाणकारांकडे परीक्षणाला जातो आणि वर्षाअखेरीला त्या परीक्षकांचे आभार मानायचे असतात. आता माणसं मरतात, त्याला कुणाचा इलाज नाही. पण या माणसाने तीन आठवड्यांपूर्वी आम्हाला एका लेखावर दोन पानी अभिप्राय पाठवला होता, आणि त्याच्या जोरावर तो लेख स्वीकारलाही गेला होता.

मला फोन आला, कारण मी नीतिसमिती आहे. समितीवर आहे असं नाही म्हणत, समितीच मी. एकतीस वर्षं या त्रैमासिकाची मुद्रितशोधक होते, दुसऱ्याच्या चुका काढण्यात जन्म गेला. वर्षापूर्वी निवृत्त झाले तेव्हा नीतिसमिती म्हणून मलाच बसवलं, कारण दुसरं कुणी तयार होईना. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

कचेरीत पोचले तर नव्या संपादकांनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "बाई, हे सतरा नंबरचे परीक्षक."

मी पाकीट उचललं आणि पोस्टमनची ओळ पुन्हा वाचली.

परीक्षकांची नावं कचेरीत कुणी उच्चारायची नाहीत, हा आमचा जुना दंडक. नावांची वही संपादकांच्या खणात, किल्ली त्यांच्या खिशात, पाकिटावर पत्ताही तेच लिहिणार. आम्हा बाकीच्यांना फक्त नंबर. पण नंबरावर माया कशी करणार? म्हणून आम्ही टोपणनावं ठेवली होती. सतरा नंबर म्हणजे किसणीसर. लेख कसलाही येवो, हे किसून काढणार. कागदावर हाताने लिहीत, नेमक्या ओळीवर बोट ठेवत आणि शेवटी मुद्रितशोधकासाठी एक ओळ लिहीत. 'पान चारवरचं तुम्ही पकडलंत, माझ्या नजरेतून सुटलं होतं.' मीही पुढच्या लेखासोबत चिठ्ठी पाठवायची, सहीच्या जागी फक्त 'मुद्रितशोधक'. वीस वर्षं हे चाललं. तोंड पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही. आणि मूळ कागद टंकून झाल्यावर फाडायचे असा नियम, त्यामुळे त्यांची एक ओळही माझ्याजवळ उरली नाही.

शेवटच्या चिठ्ठीत मी त्यांची चेष्टा केली होती. 'पान सहावर तुमची बेरीज चुकली. तुम्हीही चुकता हे पाहून बरं वाटलं.' त्यानंतर त्यांची ओळ आली नाही. मला वाटलं, रागावले. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून उभी होते तेव्हाही मनात तेच होतं.

"बाई, ऐकताय ना?" संपादक म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या नावाने खोटा अभिप्राय आलाय. हे काम लेखिकेचंच. शुक्रवारी मी तिच्या कॉलेजला पत्र पाठवतोय."

२

नियम साधा होता, मीच मसुदा तपासला होता. लेखकाने खोटा परीक्षक उभा केला तर लेख रद्द, त्याच्या संस्थेला पत्र, आणि पाच वर्षं आमचं दार बंद. लेखिका कॉलेजात हंगामी शिकवत होती. हा लेख छापला तर कायम होणार होती. पत्र गेलं तर हंगामीही राहणार नव्हती.

"तिनेच केलं हे कशावरून?"

त्यांनी लेखाचं शेवटचं पान दाखवलं. परीक्षकांना पाठवताना लेखकाचं नाव आणि हे आभाराचं पान काढून ठेवतात; संपादकांनीही ते पाकीट परत आल्यावरच वाचलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'विहिरी मोजायला ज्यांनी शिकवलं त्या कै. सरांना.' पुढे जे नाव होतं तेच परत आलेल्या पाकिटावर होतं. (नाव मी सांगणार नाही. दंडक तो दंडक.)

"ती त्यांची विद्यार्थिनी. त्यांची ढब तिला पाठ. आणखी काय हवं?"

"एक शंका विचारू? तुम्हाला हा लेख या अंकात हवाच होता ना?"

संपादकांचे कान लाल झाले. अंक दोन महिने रखडला होता, दुसरा अभिप्राय येत नव्हता, हे साऱ्या कचेरीला ठाऊक होतं. "हवा होता. म्हणून मी काय भुताकडून लिहून घेतला? मला वर्षच झालंय इथे. वहीत सतरा नंबरपुढे 'विहिरी, भूजल' लिहिलंय, म्हणून पाठवला. कुठल्या विद्यापीठातले असते तर गेल्याचं कळलं असतं. हे पाणीखात्यातले निवृत्त सर्वेक्षक. मला कोण सांगणार?"

यात मात्र तथ्य होतं. आम्ही गुपित इतकं चोख पाळलं की आमचा माणूस गेला तेही आम्हाला कळलं नाही.

बाहेरच्या खोलीत भाऊसाहेब बसले होते. सव्वीस वर्षं कारकून, अभिप्राय टंकणारे तेच.

"भाऊसाहेब, पाकीट कसलं होतं?"

"आपलंच, बाई. प्रतीसोबत आपण उत्तराचं तपकिरी पाकीट देतो ना, पत्ता छापलेलं. तेच."

"अक्षर?"

"सरांचंच. सव्वीस वर्षं वाचलंय, मला कोण फसवणार? दोन पानं होती. टंकली आणि नियमाप्रमाणे..." त्यांनी हाताने फाडल्याची खूण केली.

"म्हणजे पुरावा गेला."

"मला काय माहीत सर गेलेत म्हणून!" त्यांचा आवाज चिरकला. "मी तर खूश झालो होतो. म्हटलं, इतक्या दिवसांनी किसणी परत आली. तुम्हाला फोन करणार होतो, तुमच्यासाठी ओळ होती का ते सांगायला."

"होती?"

"नव्हती, बाई."

त्यांनी मान खाली घातली. किसणीसरांची ढब पाठ असलेला आणखी एक माणूस या खोलीत बसला होता, हे मला नाइलाजाने वहीत लिहावं लागलं. मग मी म्हटलं, "टंकलेलं दाखवा." आणि वाचू लागले. पहिल्या चार ओळींतच माझे डोळे भरून आले. 'ओळ १८ : विहीर कोरडी होती असं लिहिलंय. कोरडी कुणी ठरवली? दोरीला ओल लागली का ते सांगा.' ही नक्कल नव्हती. हे तेच होते.

३

लेखिका बुधवारी आली. तीस-बत्तिशीची, खांद्यावर कापडी पिशवी, बोटांवर खडूची भुकटी. तास अर्धवट टाकून आली होती. तिला काय आरोप आहे ते मी आडपडदा न ठेवता सांगितलं.

तिने पिशवी खांद्यावरून उतरवली. मग म्हणाली, "सर तुमचे परीक्षक होते?"

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही. दोन उन्हाळे आम्ही विहिरी मोजत फिरलो. एवढ्या गप्पा मारल्या, पण हे कधी बोलले नाहीत."

ते बोलणारच नाहीत, मला खात्री होती. दंडक पाळणारा माणूस. पण चेहरा बघून निकाल द्यायला मी काही ज्योतिषी नाही.

"लेख कधी पाठवलास?"

"आत्ता पाच महिन्यांपूर्वी. म्हणजे पहिल्यांदा पाठवला होता बावीस महिन्यांपूर्वी, तुमचे जुने संपादक होते तेव्हा. मग सर आजारी पडले, गेले, आणि मी लेख परत मागवला."

"का गं?"

"मन लागेना, मॅडम. प्रत्येक आकड्यामागे ते दिसायचे. दोरी सोडायची, पाण्याला टेकली की 'थांब' म्हणायचे. पुढे वर्षभर दोरी हातात धरवली नाही." तिने पदराने नाक पुसलं. "मग गेल्या उन्हाळ्यात एकटी गेले. एक विहीर राहिली होती, सर म्हणाले होते की ती शेवटी मोजू. ती मोजली, एक उतारा वाढवला आणि लेख पुन्हा पाठवला. बाकी शब्दही बदलला नाही."

मी तिच्यापुढे अभिप्राय ठेवला. परीक्षकाचं मत लेखकाला दाखवायला परवानगी असते, नाव नाही. ती वाचत गेली. मध्येच हसली, मध्येच ओठ चावले. दुसऱ्या पानावर थांबली.

"मॅडम, हे ओळ ७०, ओळ ११२ म्हणजे काय? ओळी कुणी मोजल्या?"

"तुझ्या लेखावर ओळींचे आकडे नाहीत?"

"नाहीत."

मी दारातून हाक मारली. "भाऊसाहेब! छापील प्रतीवर ओळींचे आकडे कोण घालतं?"

"मीच, बाई. परीक्षकाला जाणाऱ्या प्रतीवर. लेखकाला ते दिसतच नाहीत."

म्हणजे हिने अभिप्राय लिहिला नव्हता. पण मग ज्याच्या हातात आकड्यांची प्रत होती असे दोघंच उरले, संपादक आणि भाऊसाहेब. मला दोघांचाही संशय घ्यायचा नव्हता, आणि एकाचा तर अजिबात नाही.

४

गुरुवारी दुपारी मी घरी जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी मांडले, एका हाताला अभिप्राय आणि दुसऱ्या हाताला आकडे घातलेली प्रत. मुद्रितशोधकाला एवढंच येतं, दोन कागद शेजारी ठेवायचे आणि ओळ ओळीला लावायची.

ओळ १८, कोरडी विहीर. बरोबर. ओळ २६, दोरीची लांबी. बरोबर. ओळ ३९, तेही बरोबर.

ओळ ७० : 'सावलीची वेळ का लिहिली नाही?' प्रतीतल्या सत्तराव्या ओळीवर सावलीचा पत्ता नव्हता, तिथे मातीचे थर होते. सावली होती एकोणऐंशीवर.

ओळ ११२ : 'सरासरी पुन्हा काढा.' सरासरी होती एकशे एकविसावर.

मी पेन्सिल खाली ठेवली. किसणीसर ओळ चुकत नसत. बेरीज एकदा चुकले, ओळ कधीच नाही. आणि चुकले तरी दर वेळी बरोबर नऊने कसे चुकतील? पुढचे सगळे शेरे तपासले. एकूण एक नऊने कमी होते. चाळीस ओळींपर्यंत चोख आणि पुढे नऊचा फरक.

मग चाळिसाव्या ओळीनंतर काय आहे ते पाहिलं. 'उरलेली एक विहीर गेल्या उन्हाळ्यात मोजली.' तो उतारा एक्केचाळीसपासून एकोणपन्नासपर्यंत होता. नऊ ओळी.

मी उठून पाणी प्यायले. डोकं स्वच्छ होतं. हे लिहिणाऱ्याने तो उतारा पाहिलाच नव्हता. त्याच्यापुढे होती बावीस महिन्यांपूर्वीची जुनी प्रत, आकडे घातलेली. जुना लेख परत घेतला तेव्हा कचेरीतल्या प्रती फाडल्या गेल्या, फाडल्याच्या नोंदीवर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. परीक्षकांकडे गेलेल्या दोन प्रतींपैकी एक परत आली होती. सतरा नंबरची आली नव्हती.

म्हणजे अभिप्राय खोटा नव्हताच. तो किसणीसरांनीच लिहिला होता, हयात असताना, स्वतःच्या हाताने. फक्त पोस्टात पडला दीड वर्ष उशिरा.

आणखी एक गोष्ट आधीपासून खुपत होती. ते प्रत्येक अभिप्राय एकाच पद्धतीने संपवत. निकाल, तारीख आणि माझी ओळ. या दोन पानांत तिन्ही नव्हतं. कौतुक वाचून संपादकांनी होकार गृहीत धरला होता. पण किसणीसर निकाल लिहायला विसरणं म्हणजे पोस्टमनने पत्ता विसरणं. तिसरं पान होतं. ते कुणीतरी मागे ठेवलं होतं.

पत्ता सोमवारपासून माझ्या पर्समध्ये होता. चार दिवस मी तिकडे जायचं टाळत होते. संपादकांना म्हटलं होतं की घरच्यांना उगाच त्रास नको. खरं कारण वेगळं होतं. त्या घरात गेलं की ते नाहीत हे खरं होणार होतं.

५

शुक्रवारी सकाळी दहाला मी तिसऱ्या मजल्यावरची घंटा वाजवली. दार सरांच्या पत्नीने उघडलं. सत्तरीच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. मी त्रैमासिकाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "या. मला वाटलंच होतं कुणीतरी येईल."

खिडकीजवळ टेबल होतं. त्यावर दोरीचं एक भेंडोळं, दर हातभर अंतरावर लाल सुताची गाठ मारलेली.

"रजिस्टर पाकीट तुम्हीच परत पाठवलंत?"

"पोस्टमन म्हणाला, त्यांची सही लागेल. त्यांची सही मी कशी करू? गेले म्हणून सांगितलं."

"आणि अभिप्राय?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनीच लिहिलेलं होतं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी पाकीट चिकटवलं आणि म्हणाले, 'आल्यावर टाकतो.' ते आलेच नाहीत. पाकीट खणात राहिलं. मला टाकवेना. त्यांनी चिकटवलेलं होतं हो, त्यांच्या थुंकीने. कसं देऊ कुणाला?"

मी टेबलाच्या खणाकडे पाहिलं.

"मग तुमच्याकडून पुन्हा तोच लेख आला. मागून तुमची पत्रं. 'आपल्या अभिप्रायाची वाट पाहत आहोत.' तीन आली. खरं सांगू? मला बरं वाटायचं. त्यांची वाट बघणारं अजून कुणीतरी आहे. पण कुणाचं उत्तर ठेवलं नव्हतं त्यांनी जन्मात. शेवटी पाकीट फोडलं आणि तुमच्या नव्या पाकिटात घालून पाठवलं."

"दोनच पानं."

त्या उठल्या, खणातून एक कागद आणला आणि छातीशी धरून उभ्या राहिल्या. "हे दिलं असतं तर त्या पोरीचं नुकसान झालं असतं. आमच्याकडे यायची ती. काकू काकू करायची."

"नाही दिलं तर आज दुपारी तिच्या कॉलेजात पत्र जाईल. खोटा अभिप्राय तिने रचला म्हणून. तिची नोकरी जाईल."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अगंबाई! मी भलं करायला गेले..." कागद त्यांनी माझ्या हातात दिला.

मी वाचला. दोन वर्षांनी ते अक्षर पुन्हा हातात होतं.

'संपादकांस : वरचं सगळं लेखिकेला जरूर कळवा, तिला उपयोग होईल. पण माझं मत मोजू नका. ओळ २६ ला दोरी मोजायची रीत वाचली आणि ओळखलं की ही माझीच पोर. तिथेच थांबायला हवं होतं, पण राहवलं नाही. आपल्या माणसाच्या लेखावर निकाल देऊ नये. दुसरा परीक्षक बघा, आणि कडक बघा, म्हणजे तिला पुढे कुणी बोलणार नाही.' खाली तारीख होती, बावीस महिन्यांपूर्वीच्या त्या लेखाच्या पुढच्याच महिन्यातली.

सुटले. पोर सुटली. मी मोबाईलवर फोटो काढून संपादकांना पाठवला आणि फोनवर नऊ ओळींचा हिशेब समजावला. ते म्हणाले, "पत्र फाडतो, बाई. पण स्वीकृतीही रद्द करावी लागेल."

"करा. नवा परीक्षक शोधा. ते कडक म्हणालेत."

फोन ठेवला तर सरांच्या पत्नी माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"ते पान मी आणखी एका गोष्टीसाठी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "तळाशी बघा. त्यांनी लिहिलेली शेवटची ओळ. माझ्यासाठी नाही, मुलांसाठी नाही. पाकीट फोडल्यापासून मी विचार करतेय, ही बाई कोण?"

मी पान पुन्हा घेतलं. तारखेखाली बारीक अक्षरात होतं, 'मुद्रितशोधकबाईंस : पान सहावरची बेरीज चुकली, कबूल. पकडणारं कुणी आहे म्हणून तर निर्धास्त चुकता येतं.'

ते रागावले नव्हते. मला बाई म्हणून कसं ओळखलं कोण जाणे, अक्षरावरून असेल. एकतीस वर्षं कोरड्या डोळ्यांनी कागद वाचलेली मी त्या परक्या घरात लहान मुलीसारखी रडले.

"तुम्हीच होय," त्या म्हणाल्या.

"मीच. कधी भेटलो नाही हो आम्ही."

"माहितीये. भेटला असतात तर त्यांनी सांगितलं असतं. घरात काही लपवता यायचं नाही त्यांना." त्यांनी मला पाणी दिलं, मग स्वतःच चहा टाकला. आम्ही दोघी एका पानाकडे बघत चहा प्यायलो. मला नियम आठवत होता. मूळ कागद कचेरीत जमा करायचा आणि फाडायचा.

"हे तुम्ही घेऊन जाणार का?" त्यांनी विचारलं.

"नाही. फोटो पुरे आहे. अहवालात मी तसं लिहीन. समिती मीच आहे."

त्या आत गेल्या आणि कात्री घेऊन आल्या. पान टेबलावर सरळ केलं आणि तारखेखालून सावकाश, दोरीवरची गाठ मोजावी तशा जपून, कात्री चालवली. बोटभर रुंदीची पट्टी माझ्यापुढे ठेवली.

"माझं मी ठेवते. हे तुमचं."

नव्या परीक्षकाने दोन महिने घेतले, तीन चुका काढल्या आणि लेख पास केला. पोर कायम झाली. उरलेली विहीर दाखवायला ती काकूंना घेऊन गेली होती, दोरी तीच होती म्हणे. नियमावलीत आता एक कलम वाढलंय. परीक्षकाची वर्षातून एकदा खुशाली विचारायची, नावाने.

पट्टी माझ्या चष्म्याच्या घरात असते. वाचायला बसताना चष्मा काढते तेव्हा रोज हाताला लागते.